शाळेतला ताप आणि वस्तीतला निरोप



जूनमध्ये शाळा उघडतात, पाऊस लागतो, वर्गाच्या खिडक्या बंद होतात आणि महिन्याभरात बाकांवर रिकाम्या जागा दिसू लागतात. आज चार मुले नाहीत, उद्या सात. बाईंना वाटते, पावसामुळे दांडी मारली असेल. घरी आईला वाटते, आपले पोर भिजले म्हणून त्याला ताप आला. शेजारच्या गल्लीतल्या आईलाही तेच वाटत असते. एकाच वर्गातली सात मुले एकाच आजाराने पडली आहेत हे शाळेलाही कळलेले नसते आणि वस्तीलाही नसते. ते कळेपर्यंत घरातली आजी, पाळण्यातले बाळ आणि सातवा महिना लागलेली सून अशी सगळीच अंथरुणाला टेकलेली असतात.

या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही फ्लूच्या साथीबद्दल लिहीत आहोत. औषधपाण्याचे सांगणारच आहोत, पण आमचा भर निरोपावर आहे. आम्ही आधी वॉर्डात ड्युट्या केल्या, आता वस्त्यांतून फिरतो. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसली. फ्लू झालेली बहुतेक मुले घरच्या घरी बरी होतात. जी गंभीर होऊन येतात, त्यांच्या आया विचारतात, "सिस्टर, शाळेत साथ आहे हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही." सांगितले असते तर त्या दोन दिवस आधी आल्या असत्या, आणि या आजारात दोन दिवस फार असतात.

सर्दी वेगळी, फ्लू वेगळा

फ्लू म्हणजे इन्फ्लुएन्झा नावाच्या विषाणूचा ताप. साधी सर्दी हळूहळू येते, नाक गळते, पण मूल खेळत राहते. फ्लू एकदम येतो. सकाळी हसत गेलेले पोर दुपारी डोके धरून बसते. हातपाय मोडून येतात, थंडी वाजून ताप चढतो, घसा दुखतो, कोरडा खोकला सुरू होतो. लहान मुलांना उलट्या-जुलाबही होतात.

विषाणू शरीरात शिरल्यावर १ ते ४ दिवसांत, बहुधा दुसऱ्या दिवशी, आजार दिसू लागतो. पण ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच ते मूल दुसऱ्याला आजार देऊ शकते. पुढे ५ ते ७ दिवस, लहान मुलांच्या बाबतीत त्याहूनही जास्त दिवस, हे चालते. सर्वांत जोर पहिल्या तीन-चार दिवसांत असतो. म्हणून ताप असताना शाळेत गेलेले एक मूल अख्ख्या बाकाला आजारी पाडते. खोकताना, शिंकताना, मोठ्याने पाढे म्हणताना उडणारे तुषार हा मुख्य रस्ता. दुसरा रस्ता हाताचा. शिंकलेला हात बाकाला, नळाला, दाराच्या कडीला लागतो. अशा गुळगुळीत, कडक जागी हा विषाणू एक-दोन दिवस टिकू शकतो. पावसात भिजल्याने फ्लू होत नाही. पावसामुळे सगळे जण दारे-खिडक्या लावून दाटीने बसतात, त्याने होतो.

आपल्याकडे याचे दोन मोसम असतात, एक पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर आणि दुसरा थंडी सरताना जानेवारी ते मार्च. दुसरा नेमका परीक्षेच्या तोंडावर येतो.

'स्वाइन फ्लू' हा शब्द ऐकला की अजूनही लोक घाबरतात, म्हणून थोडे मागचे सांगतो. २००९ साली एच१एन१ हा नवा विषाणू जगभर पसरला. भारतातला पहिला रुग्ण मे महिन्यात हैदराबादला सापडला, तो अमेरिकेहून विमानाने आलेला प्रवासी होता. ३ ऑगस्ट २००९ ला पुण्यात १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी दगावली. देशातला तो पहिला मृत्यू. पुढच्या काही दिवसांत पुण्याच्या नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या, मास्क मिळेनासे झाले, शाळा बंद झाल्या. मुंबईतही १३ ऑगस्टपासून आठवडाभर शाळा-कॉलेजे बंद ठेवली. त्या रांगांत ताप नसलेली, केवळ भ्यालेली माणसे किती तरी होती, आणि ती खऱ्या रुग्णांना खेटून उभी होती. काय करायचे हे कोणी नीट न सांगितले की असे होते. ऑगस्ट २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती महामारी संपल्याचे जाहीर केले, पण विषाणू गेला नाही. आता तो दरवर्षीच्या फ्लूपैकीच एक होऊन बसला आहे. एच३एन२ हा त्याचा भाऊबंद, २०२३ च्या सुरुवातीला त्याची बरीच चर्चा झाली होती. नाव कोणतेही असो, घरी घ्यायची काळजी तीच.

आणखी एक आठवण मुद्दाम नोंदवतो. साथीच्या दिवसांत एका शाळेत आमच्या कानावर आले, "वस्तीतली पोरं रोग आणतात," आणि आपल्या काही मुलांना मागच्या बाकांवर वेगळे बसवले गेले. त्यांतल्या एकालाही ताप नव्हता. आम्ही मुख्याध्यापकांना इतकेच विचारले की २००९ चा विषाणू विमानातून उतरला की आमच्या गटारातून वर आला? मुले पुन्हा आपापल्या जागी बसली. वेगळे बसवायचे ते ताप पाहून, पत्ता पाहून नव्हे. पालकांनी हे शांतपणे पण ठाम सांगावे, आणि ऐकले नाही तर लेखी द्यावे.

ताप असूनही मूल शाळेत का जाते

"आजारी मुलाला शाळेत पाठवू नका," हे सांगणे सोपे आहे. आमच्याही तोंडून ते पटकन जाते. पण वस्तीतल्या आईचा हिशेब बघा. चार घरची धुणीभांडी, एक खाडा झाला की पैसे कापले जातात, दोन खाडे झाले की काम दुसरीला जाते. घरी ठेवले तर मुलापाशी बसणार कोण? शाळेत गेले तर निदान दुपारची खिचडी तरी मिळेल, बाईंची नजर राहील. वरून हजेरीची धास्ती असते, "गैरहजर राहिलं तर शिष्यवृत्तीला अडचण येईल." आणि कित्येक शाळांत शंभर टक्के हजेरीचे बक्षीस असते. या बक्षिसावर आमचा राग आहे. तापाने फणफणलेली मुलगी प्रमाणपत्रासाठी वर्गात येऊन बसते, आणि आपण टाळ्या वाजवून तिला तेच शिकवतो.

यातले काही शाळेच्या हातात आहे. आजाराची रजा हजेरीत वेगळी धरावी, बक्षिसाच्या हिशेबातून ती वगळावी, आणि हे पालकांना आधीच सांगून ठेवावे. साथीच्या काळात डॉक्टरचे सर्टिफिकेट मागू नये. सर्टिफिकेटसाठी खासगी दवाखान्यात शंभर-दोनशे रुपये जातात, म्हणून आई मूल घरी ठेवतच नाही.

काही वस्तीच्या हातात आहे. एका वस्तीत महिला मंडळाने साधी व्यवस्था केली. ज्या बाई दिवसा घरी असतात त्यांनी दर दोन तासांनी आजारी मुलाच्या घरी डोकावायचे, पाणी पाजायचे, ताप बघायचा. आजारी मुले एका घरात गोळा करायची नाहीत. मूल आपल्याच घरात, फेरी बाईंची. फेरीला जाणारी बाई गरोदर नको, दम्याची नको, आणि ती तोंडाला फडके बांधून जाईल, येताना हात धुईल. यात खर्च काहीच झाला नाही.

शाळेकडून काय करून घ्यायचे

शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात ७५ टक्के सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्यातल्या किती तरी जणी या समितीवर आहेत, पण सही करण्यापुरत्याच. पावसाळा सुरू होण्याआधीच्या बैठकीत हा विषय आपण काढायचा.

पहिली मागणी हजेरीची. वर्गशिक्षिकेने रोज गैरहजर मुलांच्या नावापुढे कारण लिहावे: ताप, गावाला, इतर. एवढ्याने साथ लवकर पकडता येते. एका वर्गात एका आठवड्यात तापखोकल्याने तीन-चार मुले पडली की आम्ही कान टवकारतो. हा आमचा कामाचा ठोकताळा आहे, सरकारी आकडा नव्हे. मग मुख्याध्यापकांनी महापालिकेच्या दवाखान्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करून कळवावे. आशाताईंना सांगितले तरी निरोप पोचतो. सरकारचा साथरोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम चालतो तो अशाच बातम्यांवर. शाळेने कळवले नाही तर पालकांनी कळवावे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. आरोग्य खाते आले की नमुने घेऊन कोणता विषाणू आहे ते तपासता येते. आपल्या पुण्यातच राष्ट्रीय विषाणू संस्था आहे.

दुसरी मागणी वस्तूंची, आणि ती फार मोठी नाही. शाळेत काट्याचा नव्हे, डिजिटल थर्मामीटर असावा. नळापाशी साबण असावा. आम्ही पाहिलेल्या बहुतेक शाळांत नळ आहे, 'हात धुवा'चे चित्रही रंगवले आहे, साबण तेवढा नसतो. खिचडीआधी सगळे हात धुतात ते नुसत्या पाण्याने. साबणाच्या वडीला भोक पाडून दोरीने टांगली की ती पळवली जात नाही, हा अंगणवाडीतला जुना उपाय आहे. वर्गाच्या समोरासमोरच्या दोन खिडक्या पावसातही थोड्या उघड्या राहतील असे बाक सरकवावेत. पाण्याची बाटली ज्याची त्याने वापरावी.

तिसरे, शाळेत असताना ताप आला तर? त्या मुलाला उघड्या खिडकीपाशी किंवा व्हरांड्यात वेगळे बसवावे, मास्क किंवा स्वच्छ रुमाल द्यावा, पाणी द्यावे आणि घरी फोन करावा. "जा घरी," म्हणून तापातल्या सात वर्षांच्या पोराला एकटे रस्त्यावर सोडू नये. असे होते, म्हणून लिहितो आहोत.

शाळा बंद करावी का, असे पालक आम्हाला नेहमी विचारतात. आमचे मत असे की शक्यतो करू नये, आणि करायची तर आरोग्य खात्याच्या सल्ल्याने. शाळा बंद झाली म्हणून वस्तीतली मुले घरात बसत नाहीत. ती ट्यूशनला जातात, एकाच मोबाईलवर डोकी टेकवून खेळतात, बाजारात आईच्या गाडीपाशी बसतात. साथ शाळेतून गल्लीत येते एवढेच. खिचडी मात्र बंद होते. बंद ठेवलीच तर पोषण आहाराचे धान्य किंवा त्याचे पैसे मुलांना मिळावेत, ही मागणी समितीने त्याच दिवशी करावी.

वसतिगृहे आणि आश्रमशाळांचा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण तिथे रात्रीही मुले एकमेकांशेजारी असतात. खाटा दूर करायला जागा नसेल तर एकाचे डोके जिकडे, त्याच्या शेजाऱ्याचे पाय तिकडे, असे झोपवावे. तापाची मुले वेगळ्या खोलीत ठेवावीत. आणि गृहपालांनी गावी पालकांना पहिल्या दिवशी फोन करावा, मूल दवाखान्यात दाखल झाल्यावर नव्हे.

निरोप कसा द्यायचा

शाळा म्हणते, आम्ही व्हॉट्सॲपवर सूचना टाकली. घरात एक फोन, तो बापाजवळ, बाप कामावर. रात्री फोन घरी येतो तेव्हा नेट संपलेले असते. सूचना उघडलीच तर तिच्यात लिहिलेले असते, "सर्व पालकांना सूचित करण्यात येते की संसर्गजन्य आजाराच्या पार्श्वभूमीवर योग्य ती खबरदारी घ्यावी." योग्य ती खबरदारी म्हणजे कोणती, हे कोणालाच कळत नाही. त्याच रात्री दुसऱ्या ग्रुपवर कुठल्या तरी राज्यातला जुना व्हिडिओ येतो आणि सकाळी वस्तीभर बोभाटा होतो की शाळेत दोन पोरे मेली.

आम्ही एका शाळेसाठी निरोप लिहून दिला होता. तो इथे देतो, आपापल्या शाळेसाठी बदलून घ्या:

"पालकांना नमस्कार. चौथीच्या वर्गात या आठवड्यात सहा मुलांना ताप-खोकला झाला आहे. फ्लूसारखा आजार दिसतो, तपासणी अजून झालेली नाही. दवाखान्याला आम्ही कळवले आहे. शाळा चालू आहे. आपल्या मुलाला ताप असेल तर त्याला घरी ठेवा, दांडी धरली जाणार नाही. तापाचे औषध न देता पूर्ण एक दिवस ताप आला नाही की पाठवा. मूल धापा टाकत असेल, पाणी पीत नसेल, हाक मारून नीट जागे होत नसेल तर थांबू नका, सरकारी दवाखान्यात न्या किंवा १०८ ला फोन करा. घरात गरोदर बाई, म्हातारे माणूस, तान्हे बाळ, दम्याचा किंवा सिकलसेलचा रुग्ण असेल आणि त्याला ताप आला तर पहिल्याच दिवशी दाखवा. काही विचारायचे असेल तर वर्गाच्या बाईंना संध्याकाळी सात ते आठ फोन करा. पुढचा निरोप शुक्रवारी."

यात कोणत्याही मुलाचे नाव नाही, गल्लीचे नाव नाही. किती जण आजारी आहेत ते खरे सांगितले आहे, आणि जे ठरलेले नाही ते ठरले नाही असेही सांगितले आहे. शेवटचे वाक्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पुढची बातमी कधी येणार हे माहीत असले की माणसे अफवेची वाट बघत नाहीत. शुक्रवारी नवीन काही नसेल तर "नवीन काही नाही, दोन मुले परत आली," एवढा तरी निरोप जायलाच हवा.

हा निरोप बाईंनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवावा, म्हणजे वाचता न येणाऱ्या आजीलाही ऐकता येईल. वहीत चिठ्ठी चिकटवावी आणि पालकाची सही किंवा अंगठा घेऊन परत आणायला सांगावी, त्यावरून कोणाकडे पोचले नाही ते कळते. रेशन दुकान आणि पिठाची गिरणी इथे कागद लावावा. आपल्याकडे आणखी एक सोय आहे. फ्लूचा पावसाळी मोसम आणि वर्षावास एकाच वेळी येतात. आषाढ पौर्णिमेपासून रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला घराघरातून माणसे येतात, विशेषतः कामावरून परतलेल्या बाया आणि म्हातारी मंडळी. वाचन संपले की दोन मिनिटे हा निरोप वाचून दाखवावा. विहाराच्या खिडक्या मात्र उघड्या ठेवाव्यात, आणि ज्याला ताप-खोकला आहे त्याने ते चार दिवस घरीच वाचन करावे.

निरोप उलट बाजूनेही जायला हवा. आपल्या मुलाला ताप आहे हे आईने शाळेला त्याच दिवशी सांगावे. फोन नसेल तर शेजारच्या मुलाबरोबर सांगून पाठवावे. बाईंनी त्यावर ओरडू नये, नाहीतर पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही.

घरी काय करायचे

दहा बाय दहाच्या खोलीत 'वेगळी खोली द्या' म्हणण्यात अर्थ नाही. दारापाशी किंवा खिडकीपाशी अंथरूण टाका, रात्री डोके इतरांच्या पायांकडे करा, पेला आणि टॉवेल वेगळा ठेवा. काळजी एकाच माणसाने घ्यावी, आणि ते माणूस आजी नको. आईला फ्लू झाला तरी बाळाचे अंगावरचे दूध तोडू नका. हात धुवून, तोंडाला फडके बांधून पाजा.

तापाला पॅरासिटामॉल पुरे. मात्रा वजनावर असते, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचे अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. इथे एक घोटाळा फार होतो. बाजारात पाच मिलीत १२५ मिलिग्रॅमची बाटली असते आणि पाच मिलीत २५० चीही असते. १२ किलोच्या मुलाला १२५ च्या बाटलीतले पाच मिली बरोबर. तेच पाच मिली २५० च्या बाटलीतून दिले की मात्रा दुप्पट होते. २० किलोच्या मुलाला २५० चे पाच मिली चालते. बाटलीवरचा आकडा वाचा, येत नसेल तर आशाताईंकडून वाचून घ्या, आणि घरच्या चमच्याऐवजी बाटलीबरोबरच्या झाकणाने मोजा.

मुलांना ॲस्पिरिन द्यायचे नाही. घरात मोठ्यांसाठी ठेवलेली डिस्प्रिन त्यातच मोडते. फ्लूमध्ये तिने मुलांच्या मेंदूला आणि यकृताला इजा होऊ शकते. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे. कॉम्बिफ्लॅमही स्वतःच्या मनाने देऊ नका. त्यात पॅरासिटामॉल असतेच, शिवाय आयबुप्रोफेन असते, आणि ताप डेंग्यूचा निघाला तर ते घातक ठरू शकते. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाही असतात हे विसरू नका. खोकला-सर्दी नाही आणि नुसता ताप आहे, पोटात दुखते आहे, अंगावर पुरळ आहे, तर रक्त तपासून घ्या.

खोकल्याच्या औषधाबद्दल कडक शब्दांत लिहितो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी भेसळ असलेले खोकल्याचे औषध पिऊन लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली, अनेक मुले दगावली. त्यांतल्या काहींना उपचारासाठी नागपूरला आणले होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीचे औषध देऊच नये, आणि पाच वर्षांपर्यंत साधारणपणे टाळावे. एक वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध द्या, घसा निवतो. एक वर्षाखाली मधही नको. वाफेचे पातेले लहान मुलासमोर ठेवू नका. अडचणीच्या घरात ते कलंडते आणि आम्ही भाजलेली मुले पाहिली आहेत. कापराची पुरचुंडी गळ्यात बांधू नका, मूल ती चघळते आणि कापूर पोटात गेला की झटके येतात.

गल्लीतल्या डॉक्टरकडे गेले की इंजेक्शन, सलाईन आणि कागदात बांधलेल्या सुट्या गोळ्या मिळतात. फ्लू विषाणूने होतो, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. पुडीत काय आहे ते विचारा, लिहून मागा. लिहून देत नसेल तर ती पुडी घेऊ नका. त्या पैशांत अंडी येतील. मूल खात नसेल तर पेज, वरणाचे पाणी, ओआरएस, जे जाईल ते दोन-दोन घोट सारखे देत राहा.

कधी थांबायचे नाही

छाती उघडी करून, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मूल शांत असताना मोजा, रडताना नको. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास ४० किंवा जास्त, त्याहून मोठ्याचा ३० च्या वर असेल, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर रात्र असली तरी निघा. ओठ-नखे निळसर दिसणे, छातीत दुखणे, थुंकीत रक्त, झटका, सहा-आठ तासांत लघवी न होणे, गुंगीत राहणे यातले एकही असले तरी तेच. आणि एक खूण आया नेहमी हुकवतात. ताप उतरतो, मूल उठून खेळते, आणि दोन दिवसांनी पुन्हा जोरात ताप आणि खोकला येतो. ही बहुधा न्यूमोनियाची सुरुवात असते. "उरलेला ताप आहे," म्हणून बसू नका.

सिकलसेलबद्दल वेगळे लिहायलाच हवे. विदर्भात, विशेषतः नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागात, आदिवासींप्रमाणे आपल्या समाजातही हा आजार बराच आहे. तिकडून पोटासाठी मुंबई-पुण्याला आलेल्या घरांत तो बरोबर आला आहे, पण इथल्या शाळेला त्याचा पत्ता नसतो. ज्या मुलाचा अहवाल 'एसएस' आहे, त्याला फ्लू झाला तर छातीत गुंतागुंत होऊन ऑक्सिजन झपाट्याने कमी होऊ शकतो. अशा मुलाला १०१ च्या वर ताप आला की घरी वाट पाहायची नाही, सरळ रुग्णालय गाठायचे आणि केसपेपर काढतानाच "सिकलसेल आहे" असे सांगायचे. 'एएस' म्हणजे वाहक, त्याला वेगळी भीती नाही. वर्गशिक्षिकेला हे आधी सांगून ठेवा. लग्नाच्या भीतीने, विशेषतः मुलींच्या बाबतीत, घरे हे लपवतात. बाईंनी ते गुप्त ठेवायचे आणि ताप दिसताच पहिला फोन त्या घरी करायचा, एवढेच ठरवून घ्या.

सरकारी दवाखान्यात कधी कधी तपासणी न करताच परत पाठवतात, त्यावरून भांडणे होतात. नियम असा आहे: सौम्य आजाराला 'ए', तिथे तपासणी नाही, खास गोळी नाही, एक-दोन दिवसांनी पुन्हा बघायचे. जोराचा ताप किंवा जोखमीचा माणूस म्हणजे 'बी', तिथे डॉक्टर तपासणीची वाट न बघता ऑसेल्टामिव्हिर सुरू करू शकतात. वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा म्हणजे 'सी', तिथे दाखल करणे, तपासणी आणि गोळी ताबडतोब. ही गोळी पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त लागू पडते, आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत असते. म्हणून गरोदर बाई, तान्हे बाळ, म्हातारे, दमा, मधुमेह, सिकलसेल यांनी 'ए' समजून घरी बसायचे नाही.

फ्लूची लस आहे, दरवर्षी घ्यावी लागते. मुलांच्या सरकारी मोफत लसीकरणात ती नाही. गरोदर बाया आणि जोखमीच्या रुग्णांसाठी सरकारी रुग्णालयात ती आली आहे का, हे मे-जूनमध्येच विचारा, कारण लस घेतल्यावर परिणाम व्हायला दोन आठवडे लागतात.

बरे झालेले मूल शाळेत परतते तेव्हा खोकला पुढे दोन आठवडेही रेंगाळतो. नुसत्या खोकल्यासाठी त्याला परत घरी पाठवू नये. ते लवकर दमते, म्हणून पहिला आठवडा खेळाच्या तासाला त्याला बसू द्यावे, आणि बुडलेला अभ्यास वहीत उतरवून द्यायला बाईंनी वर्गातल्याच एखाद्या मुलीला सांगावे.